मला हलकी म्हणाले

मित्रांनो, जुनी म्हणाल तर मी जुनीच. टपाचा लाल रंग उन्हाने विटलाय, मागच्या बंपरला दोराचा वळ आहे आणि हल्ली माझ्या बोनेटवर शेजारची मांजर पाय ताणून झोपते. पण भंगार नाही हं मी! मी एक छोटी, चपळ मोटारगाडी आहे आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकायला नको.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. अंग ठेंगणं, इंजिन तडफदार, पाठीवर ऐटीत वर आलेला छोटा पंख. पण मला खरा अभिमान होता तो माझ्या पोटात बसवलेल्या एका लहानशा विजेच्या मोटरचा. चालवणाऱ्याने स्टेअरिंग जरासं फिरवलं, की उरलेला जोर ती मोटर लावायची. त्यामुळे मी एका बोटावर वळायची. कारखान्यातले लोक त्याला सोय म्हणत. माझ्या लेखी ती माझी माया होती.

मला तेलंगणातल्या आदिलाबादला आणलं ते एका भावाबहिणीने मिळून. हर्षदीप थोरला, गुडीहत्नूरच्या मंडल म्हणजे तहसील कार्यालयात कारकून. दीक्षा धाकटी, बेल्याच्या शाळेत मास्तरीण. दादा नोकरीला मोटरसायकलवर जायचा, म्हणून शाळेच्या दिवशी मी दीक्षाताईची आणि रविवारी दादाची, अशी वाटणी ठरली. त्यांची आई भागीरथाबाई मला ओवाळताना म्हणाली, "बाप्पा! केवढुशी हाय, पन पाय ना, डोये कसे वटारून राह्यली!" सगळे हसले. मीही हसले असते, पण मला हॉर्नशिवाय आवाज नाही.

आता दीक्षाताईचा हात सांगते, कारण सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे. लहानपणी ती बैलगाडीवरून पडली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. हाड वाकडं बसलं ते बसलंच. खडूने फळा भरून लिहील, पण पाण्याची घागर त्या हाताने उचलायची म्हटलं की चेहरा पांढरा व्हायचा. आपल्याकडे गाडीचे गिअर डाव्या हाताने बदलतात. म्हणजे तेवढा वेळ सगळं स्टेअरिंग त्या दुखऱ्या उजव्या हातात. तिने आधी दोन-तीन गाड्या चालवून बघितल्या होत्या आणि हिरमुसून परत आली होती. माझ्यात बसली, चाक फिरवलं आणि ओरडलीच, "दादा, हे पाय! किती हलकी हाय रे!"

त्या दिवशी 'हलकी' हा शब्द मला फुलासारखा वाटला. ती मला रोज बेल्याला न्यायची. दोन्हीकडे कापसाची शेतं, मधे लहान रस्ता, वाटेत तिचे विद्यार्थी हात करायचे. ती दोघा-तिघांना मागे बसवून घ्यायची आणि पाढे म्हणायला लावायची. मलाही सतराचा पाढा पाठ झाला. तिच्यासारखं प्रेमाने मला कुणीच चालवलं नाही.

रविवारचं मात्र वेगळं होतं. रविवारी दादा मला हायवेवरच्या एका चहाच्या टपरीवर न्यायचा. तिथे त्याचे दोस्त जमायचे. एक करण, बेल्याच्या पाटलाचा मुलगा, घरी मोठी कपाशी. दुसरा अमरदीप, दादाचा मावसभाऊ. गाड्या म्हणजे तिघांचा जीव की प्राण. कुणाच्या गाडीला काय लावलं, कुणाचा सायलेन्सर कसा घुमतो, चहा गार होईस्तोवर तेच. एका रविवारी करणने मला एक चक्कर मारून आणली, उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हर्ष, दिसाले वाघीन, पन तुही गाडी लय हलकी हाय बे!"

टपरीवरचे सगळे खो खो हसले.

मित्रांनो, करणला एवढंच म्हणायचं होतं की स्टेअरिंग हाताला हलकं लागतं. पण हर्षदीपच्या कानात तो शब्द तसा शिरलाच नाही. त्याचे आबा, म्हणजे आजोबा भिवाजी, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात सालावर राबणारे सालदार होते, करणच्या आजोबांच्याही शेतात. खळ्यावर, विहिरीवर त्यांनी 'हलके लोक' हे दोन शब्द किती वेळा ऐकले असतील त्याची मोजदाद नाही. करणच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. तो बिचारा बिस्किट बुडवत होता. हर्षदीप मात्र हसता हसता थांबला. मला त्याचं दुःख कळलं, खोटं कशाला बोलू? मला त्याचा तेव्हा राग आला नाही.

"मंग काय कराव?" त्याने विचारलं.

"स्टेरिंग जड कर. वजनदार!" करण म्हणाला. "हातात धरली का वाटलं पायजे, का काही धरलं. ते आतली मोटर बंद करून टाक, लहान चाक बसव, रुंद टायर लाव. मंग पाय मजा."

अमरदीप उसळला. "अबे, आधी ब्रेक पाय! पॅड झिजले, ब्रेकचं तेल कवा बदललं तुले तरी आठवते का? मांगच्या चाकाले डिस्क नाई. पळनारीले पयले थांबता आलं पायजे."

"थांबाचंच असन तर घरीच थांब ना गड्या!" करण म्हणाला. पुन्हा हशा.

मग काय, वादाला तोंड फुटलं. अमरदीप म्हणे ब्रेक, करण म्हणे स्टेअरिंग. अमरदीप म्हणे वेग कुणीही वाढवतो, करण म्हणे वळणावर गाडी हाताला कळली पाहिजे. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. मी मनात अमरदीपच्या बाजूने होते, कारण माझे ब्रेक खरंच थकले होते, आणि हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक? शेवटी अमरदीप कंटाळून म्हणाला, "अन् दीक्षा चालवते हे गाडी. तिच्या हाताचं काय?"

मी वाट पाहत होते. आता दादा म्हणेल, अरे हो की.

दादा म्हणाला, "तिले होईन सवय."

तिथे माझा पहिला विश्वासघात झाला. माझं इंजिन बंद होतं, तरी मला चरचर जाणवलं. त्याला ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी. त्याला ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला आदिलाबादच्या एका गॅरेजात नेलं. तिथला मिस्त्री तेलुगूत म्हणाला, बंडी इथे लावा. तेलुगूत कुठल्याही गाडीला बंडी म्हणतात हो, पण आमच्या बेल्याकडे बंडी म्हणजे बैलगाडी! माझा असा अपमान झाला म्हणून मी जरा फुगलेच. मला काय ठाऊक, खरा अपमान पुढे आहे. माझं मूळचं स्टेअरिंग काढलं, त्यात अपघातात फुगून वाचवणारी पिशवी होती, तीही गेली. जागी तळहाताएवढं, दिसायला झकास चाक आलं. पोटातल्या मोटरची वायर ओढून काढली. मी लगेच समोरचा पिवळा दिवा लावला. मित्रांनो, गाडीला दुखलं की ती दिवा लावते, तेवढीच तिची हाक असते. मिस्त्रीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "तो दिवाच काढून टाका." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो असा.

आणि ब्रेक? ब्रेकला हातही लावला नाही. चाकाच्या आत जे लोखंड दिसतं ना, त्याला भडक लाल रंग फासला, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसा. रविवारी करण बघून म्हणाला, "वा! ब्रेक बी झाले वाटते!" हर्षदीप हो म्हणाला. अमरदीपने वाकून बघितलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

सोमवारी दीक्षाताई बसली. नवं चाक बघून आधी खूश झाली. अंगणातून वळवताना मात्र तिने मधेच थांबून मनगट धरलं.

"दादा, स्टेरिंग काऊन एवढी जड लागून राह्यली?"

"निस्तं शोभेचं चाक लावलं. टायर नवे हायेत म्हणून जड लागते." आणि मग, मान खाली घालून बुटाची नाडी बांधत तो पुढे म्हणाला, "तुह्याच हाताचं दुखनं वाढलं असन."

तिने विश्वास ठेवला. भाऊच तो, का नाही ठेवणार? ती रोज सकाळी मनगटाला तेल चोळायची, पट्टी बांधायची, मग किल्ली घ्यायची. मुलांना मागे बसवणं तिने बंद केलं, म्हणाली, रस्त्याकडे ध्यान द्यावं लागते रे. कधी शाळेच्या झाडाखाली मला उभी करून चाकावर डोकं टेकायची आणि माझ्याशीच बोलायची, "माह्याच हातात जोर नाई राह्यला गं." मी आतून तडफडायची. अगं बाई, तुझा हात तसाच आहे, माझी वायर तोडलीय! पण सांगू कशी? एक दिवा होता, तोही काढून घेतला होता.

आणि मग कापूस वेचणीचे दिवस आले. बेल्याच्या अलीकडे एक वळण आहे. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही तिथे पोचलो आणि समोरून बेल्याच्याच डोमाजी शेतकऱ्याची बंडी आली, कापसाने अशी भरलेली की बैलांच्या मागे पांढरा डोंगरच. दीक्षाताईने डावा हात गिअरवर नेला, उजव्याने चाक ओढलं. चाक आलं नाही. तिने ओठ चावून पुन्हा ओढलं. मग ब्रेकवर जीव तोडून पाय दिला. माझे झिजलेले ब्रेक लाल रंग लावून घासत राहिले, घासत राहिले, आणि मी वळण न घेता सरळच, बैलांना थोडक्यात चुकवून, रस्ता सोडून खाली कपाशीत जाऊन आदळले.

कुणाला लागलं नाही. बैल वाचले, ताई वाचली. डोमाजीने धावत येऊन तिला बाहेर काढलं, पाणी दिलं आणि माझ्या बंपरला दोर बांधून त्याच बैलांकडून मला वर ओढलं. तोवर शाळेची पोरं जमली, त्यांचे आईबाप जमले. हर्षदीपला फोन गेला. तो मोटरसायकलवर उडत आला. आधी बहिणीला पोटाशी धरेल असं मला वाटलं होतं. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं समजलं, मी सांगते ना, त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. आणि मग सगळ्या पोरांसमोर तो तिच्यावर ओरडला, "तुले कितीदा सांगतलं, तुह्या हातानं गाडी होत नाई! मारलं असतं ना कोनाले!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! दीक्षाताईने मान खाली घातली. तिच्या वर्गातली एक मुलगी तिच्या पदराला धरून उभी होती, ती रडायला लागली. ताईने किल्ली काढून दादाच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खरं हाय दादा. माहीच चूक."

त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. शाळेला बसने जायची. आणि दादा? त्यालाही माझ्याकडे बघवेना. मी अंगणात धूळ खात उभी राहिले. इंजिन ठणठणीत, पण विचारतो कोण!

मग एकदा वृषालीबाई आल्या. त्या दीक्षाताईच्याच शाळेत नव्या लागलेल्या. त्यांची गाडी बघून मला हुंदकाच आला, कारण ती माझी सख्खी बहीण. तोच कारखाना, तोच चेहरा, फक्त रंग पांढरा आणि अंगावर कुणाची कारागिरी नाही. त्या भागीरथाबाईंसोबत चहाला आत बसल्या तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर आला आणि वाट अडली म्हणून हॉर्न मारू लागला. वृषालीबाईंनी आतूनच किल्ली पुढे केली, "दीक्षा, जरा बाजूला घेतं का?"

"मले नाई येत बाई."

"दोन हात तर मांगं घ्याची हाय. घे ना."

दीक्षाताई भीत भीत बसली. गिअर टाकला. उजव्या हाताने, दात आवळून, सगळा जोर लावून चाक ओढलं आणि पांढरी गाडी गर्रकन वळून कुंपणाला टेकता टेकता राहिली. ताई दचकली. तिने चाक सोडलं. मग एका बोटाने फिरवलं. इकडे. तिकडे. टँकर निघून गेला तरी ती उतरेना.

मग ती उतरली ती थेट माझ्याकडे आली. दार उघडून बसली, मला सुरू केलं आणि चाक फिरवून बघितलं. जड. ती पुन्हा जाऊन पांढरीत बसली, पुन्हा माझ्यात आली. मास्तरीणच ती, दोनदा ताळा केल्याशिवाय कशी राहील? तेवढ्यात हर्षदीप अंगणात आला आणि जागच्या जागी थांबला.

"दादा, इच्यात काय केलं तू?"

तिने पुन्हा विचारलं. मग त्याने सगळं सांगितलं, टपरीवरचं, करणचं, त्या शब्दाचं, वायरीचं. सांगताना त्याला रडू फुटलं. "मले लागलं गं ते. आबाची आठवन आली. मी उद्याच वायर जोडून आनतो."

दीक्षाताई रडली नाही. मनगटावरची पट्टी सोडत म्हणाली, "तुले एक शब्द लागला तं तू गाडी बदलली. अन् मी एवढे दिवस माह्या हाताले शिव्या देऊन राह्यली, ते तू उघड्या डोयानं पायलं. वायर जोडशीन रे. पन माह्या पोरांसमोर जे बोलला, ते कोनत्या मिस्त्रीकडून जोडून आनशीन?"



दुसऱ्या दिवशी दादाने वायर जोडली, माझं जुनं चाक परत बसवलं, ब्रेकचे पॅड नवे घातले, तेलसुद्धा बदललं. अमरदीप सोबत होता. मी पुन्हा एका बोटावर वळते. पण दीक्षाताई सकाळी माझ्या शेजारून जाते आणि वृषालीबाईंच्या गाडीत बसते. चालवते तीच. वृषालीबाई बाजूला बसून वह्या तपासतात. माझ्याच बहिणीचा मला हेवा वाटतो, काय करू?

ताईने किल्ली घेतली नाही, पण एक अट सांगितली आहे. जिथे बोलला तिथे, त्याच वळणावर, त्याच पोरांसमोर आणि त्यांच्या आईबापांसमोर दादाने खरं सांगायचं. मग ती माझ्यात बसेल. दादा रोज संध्याकाळी येऊन माझ्यात बसतो, चाकावर हात ठेवतो आणि तसाच उतरून जातो. त्याला भीती वाटते लोक काय म्हणतील याची.

मित्रांनो, तुमच्या गाडीत, सायकलीत, अगदी शिवणयंत्रातही काही बदल केलात, तर ते वापरणाऱ्याला आधी सांगा. आणि चूक तुमची असताना दुसऱ्याच्या हाताला बोल लावला असेल, तर माफी घरात कोपऱ्यात मागू नका, जिथे बोललात तिथेच जाऊन मागा. बेल्याची वाट काही फार लांब नाही. माझी टाकी भरलेली आहे, ब्रेक नवे आहेत. दादा, किल्ली फिरव ना रे.