भाकरी सोडलेला माणूस

आमच्या केंदूरात भाकरीवाचून नुसतं सुकं मटण खाणारा माणूस एकाच कारणासाठी खातो, आणि ते कारण बाटलीत असतं. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, ज्ञानेशने, भाकरी सोडून उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे, तव्यावर परतलेलं पनीर असलं खायला सुरुवात केली, तेव्हा मला बाटलीच दिसायला लागली. लिहिताना त्याला अरेतुरे करते आहे, तोंडावर अहोच म्हणते. माझं नाव शितल. ठेवणाऱ्याचा अंदाज पार चुकला.

ज्ञानेश रांजणगावच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहे. पहाटे केंदूर-पाबळकडची माणसं उचलायची आणि पहिल्या पाळीला गेटवर सोडायची. जानेवारीत कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याण्णव किलो, साखर काठावर. सहा महिन्यांत वजन उतरलं नाही तर गाडी सोडावी लागेल, असं बजावलं. मग मोबाइलवर पुण्याचा कुणी कोच भेटला आणि आमच्या घरात नवीन शास्त्र सुरू झालं.

"कीटो म्हणत्यात त्याला," ज्ञानेश म्हणाला. "भाकरी, भात, बटाटा, साखर बंद. तूप, अंडी, पनीर, पालेभाजी चालती."

"आन् ही पोतंभर ज्वारी काय म्हशीला घालायची?" सासूबाई म्हणाल्या. "तूप खाऊन वाळल्यालं माणूस म्या तर बघितलं न्हाई."

मीही बघितलं नव्हतं. पण माझी शंका वजनाची नव्हती. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ज्ञानेश प्यायचा, आणि चांगलंच प्यायचा. एकदा ट्रॅक्टर ओढ्यात घातला, तेव्हा जेजुरीला जाऊन त्याने बेलभंडारा उचलला आणि दारू सोडली. तेव्हापासून थेंबही घेतला नाही, असं सगळा गाव म्हणतो. मीही म्हणते. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

पहिल्या आठवड्यात तो सकाळी डोकं धरून बसायला लागला. "सुरवातीला दुखतंय म्हणं," म्हणाला. तांब्यावर तांबे पाणी प्यायचा, त्यात लिंबू पिळायचा, मीठ टाकायचा. भांडगावात हायवेच्या कडेला, पिणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या मुलीला लिंबू-मीठ कशावर घेतात हे शिकवायला नको. मग खिशात लवंग आणि बडीशेप आली. माझा बापही लवंग चघळतच घरी यायचा.

आणि मग वास आला. तो माझ्या ओळखीचा नव्हता, हे खरं. जरा गोडसर, जरा उग्र, फार पिकलेल्या फळासारखा. पण हातभट्टीचा वास वेगळा, देशीचा वेगळा, इंग्लिशचा वेगळा. ही कुठली तरी नवीन असेल, असं मी धरून चालले.

त्याला सरळ विचारायचं नाही, हे मी ठरवलं होतं. पिणारा माणूस पिण्याआधी खोटं बोलायला शिकतो. विचारलं की सावध होतो. म्हणून मी शोधत सुटले. विहिरीवरचं मोटारघर पाहिलं, कडब्याची गंज उसकटली, एका रविवारी बस दारात उभी होती तर पुसायच्या निमित्ताने सगळ्या सीटखाली हात घालून आले. काही सापडलं नाही. बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, पूर्वी वेंधळा होता, आता हुशार झालाय.

त्याच्या बॅगेत मात्र एक छोटी डबी सापडली. आत कागदाच्या पट्ट्या. "लघवीत बुडवायच्या, रंग बदलला की चरबी जळती असं समजायचं," हे त्याने सासूबाईंना सांगताना मी ऐकलं. मला ते काही पटलं नाही. गेटवर कंपनी रोज तोंडाला दारू तपासायचं मशीन लावते. हा घरीच तपासून जात असणार, आज पकडला जाईन का नाही ते.

तीन महिन्यांत बारा किलो उतरलं. शर्ट ढगळ झाले. पारावरचे लोक म्हणायचे, ज्ञानेश एकदम हिरो दिसतोय. शेवटच्या वर्षात माझा बापही असाच उतरला होता, त्याला कुणी हिरो म्हणालं नाही.

अशात एका गुरुवारी सकाळी पावणेसातला मी अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. फोन वाजला. कंपनीतला इंद्रजीत, गाड्यांचा सुपरवायझर.

"वहिनी, जरा अवघड झालंय. ज्ञानेशभाऊंचं मशीन दारू दाखवतंय. दोनदा फुंकायला लावलं. ते म्हणत्यात घेतली न्हाई. तुम्ही सांगा, राती घेतली व्हती का?"

एका शब्दाने त्याची नोकरी राहणार होती किंवा जाणार होती, हे मला कळत होतं. रात्री तो माझ्यासमोर जेवला होता, नऊला झोपला होता. एवढंच सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं.

"म्या पिताना बघितलं न्हाई," मी म्हणाले. "पर लई दिस झालं, तोंडाला वास येतोय."

पलीकडे मागून कुणी तरी घसा खाकरला. ते खाकरणं मी बारा वर्षं ऐकते आहे. फोन स्पीकरवर होता.

दिवसभर त्याने माझा फोन उचलला नाही. मी चिडले, रडले, परत चिडले. चार वाजता शेजारची रश्मी बसमधून उतरून थेट आमच्याकडे आली. ती त्याच कंपनीत पॅकिंगला आहे.

"काकी, काय नव्हतं," ती म्हणाली. "मेडिकलमधल्या मोठ्या मशीनवर शून्य आलं. डॉक्टर म्हणलं, भाकरी बंद केल्यावर चरबी जळती, त्याचा वास तोंडाला येतो. गेटवरलं साधं मशीन कवाकवा त्यालाच दारू समजतं. आठलाच काकांच्या हातात गाडी दिली."

"मग त्ये हायती कुठं?"

"आमाला सोडून शिरूरला गेलं. काम हाय म्हणलं."

दिवेलागणीनंतर तो आला. चपला काढल्या, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर एक कागद धरला. रक्ताचा रिपोर्ट होता. इंग्रजी होता, पण बारावी झालेल्या बाईला वाचता येईल इतका सोपा. अल्कोहोल, आणि पुढे निल.

"लई बरं झालं," मी म्हणाले. "कंपनीत उद्या दाखवा."

"कंपनीनं मागितलाच न्हाई. त्यांचं सकाळीच मिटलं."

"मग रक्त कशाला काढलं?"

"तुला दावायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलं म्हणायचं होतं, पाया पडायचं होतं. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी मान खाली घालून कागदच वाचत राहिले. नाव, वय, गाव. रक्त घेतल्याची वेळ, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटं. काल रात्रीपासून पाचपर्यंत वीस तास. एवढ्या वेळात कितीही घेतलेली असली तरी उतरते, हा हिशेब माझ्या डोक्यात आपसूक होऊन गेला.

मान वर केली तर तो माझ्याकडेच बघत होता. माझी नजर कुठल्या ओळीवर थांबली होती, ते त्याला दिसलं होतं.

"वेळ बघतीस व्हय?" तो हळूच म्हणाला.