तार नसलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना काळा टेलिफोन आहे. कॅनबेरातल्या गुंगालिन या उपनगरात, लेखिका यामिनीच्या टेबलावर बसून असतो. माझी तार चाळीस वर्षांपूर्वीच कापली, कारण मला नाटकात काम मिळाले होते.

यामिनीचे वडील सदानंद म्हणजे विनोदी नाटकांचे राजे. आजोबांपासून अख्खे घर रंगभूमीवरचे. मला कानाला लावून ते घरच्या लहान मुलीशी बोलण्याचा अभिनय करत. "काय? ख... ख... खाऊ हवाय?" एवढे म्हणायचा अवकाश, प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेत. टाळ्यांतला अर्धा वाटा आपला, असे समजून मीही फुशारून जाई.

एका प्रयोगाला सात वर्षांची यामिनी विंगेत उभी दिसली. ती खरोखरच अडखळत बोलायची. नक्कल तिचीच होती! लोक खो खो हसत होते आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तरी दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली तेव्हा मी टेबलावर हजर होतोच. पुढे अकरा वर्षे मी त्या चेष्टेला साथ दिली. त्याची लाज अजून गेलेली नाही.

यामिनी बोलेनाशी झाली आणि लिहू लागली. इकडे आली, पुस्तके लिहिली. वडील गेल्यावर घरातून तिने मला एकट्यालाच का आणले, ते मला कळेना.

मागच्या रविवारी तिच्या नव्या पुस्तकाचा कार्यक्रम होता. टेबलावर पुस्तकांशेजारी तिने मला ठेवले होते. मला पाहताच मराठी मंडळाचे नंदू म्हणाले, "यामिनीताई, बाबांचा फोनचा सीन झालाच पाहिजे हं!"

"आई, यू डोन्ट हॅव टू," तिची मुलगी चिन्मयी कुजबुजली.

यामिनीने मला उचलले. कानाला लावले.

"ह... हॅलो, ब... बाबा."

पहिल्या रांगेत कुणीतरी हसले.

"म... मी विंगेत होते. रोज. मला ह... हसू येतंय का, ते तुम्ही क... कधी विचारलंच नाहीत."

ती मला कानाशी धरून थांबली, जणू पलीकडून कुणी बोलणार होते. तार नसल्याचे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झाले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या नकलेवर हसण्याआधी ते माणूस तिथेच कुठे उभे आहे का, एवढे बघा. मी बघितले होते, आणि तरी अकरा वर्षे टाळ्या घेत राहिलो.