चढावरचा आवाज

भाची सात वर्षांची असताना मी तिला इंजिन शिकवलं ते बागेतल्या झोपाळ्यावर.

"झोपाळा मागे येऊन थबकला की धक्का द्यायचा. तो येत असतानाच दिलास तर मनगट दुखेल. इंजिनातल्या ठिणगीचंही तसंच."

"आणि झोपाळा खूप जोरात असला तर?"

"तर हात आधीच उचलावा लागतो. शर्यतीच्या गाडीत ठिणगी अशीच लवकर पाडतात. साध्या गाडीत तेवढी लवकर पाडली तर इंजिन तक्रार करतं, डब्यात खडे वाजल्यासारखी. कान उघडे ठेव."

तिने ठेवले.

गेल्या वर्षी तिने नोकरी सोडून जुनी व्हॅन घेतली, टेकडीवरच्या दुकानांना पाण्याचे जार पोचवायला. व्हॅनचं इंजिन लावून द्यायला मामा होताच. तीस वर्षं मी शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं लावली. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवताना हात सवयीने लवकरच्या बाजूलाच गेला. सपाटीवर व्हॅन अशी पळाली की ती टाळ्या पिटत परत आली.

चौथ्या दिवशी म्हणाली, "मामा, चढावर खडे वाजतायत."

मी शेजारी बसून चढ चढून आलो. मला काही ऐकू आलं नाही.

"तुझे जार वाजतात."

"जार मी घट्ट बांधलेत."

"कालची पोर तू! मला शिकवतेस?"

ती हसली. "बरं बाबा, तुझे कान सोन्याचे."

तीन आठवड्यांनी व्हॅन भर चढावर बंद पडली. जवळच्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं. पिस्टनला अंगठा जाईल एवढं भोक.

"कोणी लावली ही? साधं पेट्रोल, मागे एवढं ओझं, चढावर मंद चाल, आणि ठिणगी शर्यतीसारखी? महिनाभर कडकड वाजत असणार. बहिरा असेल त्यालाच ऐकू आलं नसेल."

मी तिथेच उभा होतो. शर्यतीच्या मैदानात उघड्या सायलेन्सरशेजारी काढलेली तीस वर्षं मला तेव्हा आठवली.

"मला ऐकू आलं होतं," ती त्याला म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

दुकानांनी दुसरा माणूस धरला. व्हॅन भंगारात गेली. ती जुन्याच साहेबाकडे, कमी पगारावर परत लागली. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा तिची मुलगी माझ्या मांडीवर चढली. "आजोबा, गाडी कशी चालते?"

मी म्हटलं, "झोपाळा पाहिलायस ना..."

"आजोबांना काही विचारू नकोस," आतून भाची म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की मलाही ऐकू आलं.