लॅमिनेशन केलेली बिल्टी

श्रीपादकाकाचा शहाणपणा तुमच्या कानावर आलाच नाही का? मंग ऐका. त्याची पुतणी अवंती, दातांची डॉक्टर. नेपियर टाउनात तिचा दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडणार, आमंत्रणं वाटून झालेली, अन् पेशंटला बसवायची खुर्चीच गोहलपुरात ट्रान्सपोर्टच्या गोदामात पडून. नागपूरहून माल निघाला तेव्हा काकानं बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, स्वतःच्या नावानं करवून घेतली. काहून, तर बाईच्या नावानं माल आला की हे लोक घुमवतात म्हणे. अवंती तेव्हाच चिडली होती, पण घरात काकापुढं बोलतो कोण.

तर दोघं गोदामात गेले. काकानं पिशवीतून फाइल काढली, फाइलमधून प्लास्टिकची थैली, थैलीतून बिल्टी, अन् टेबलावर अशी ठेवली जसा काही ताम्रपटच. चकचकीत, कडक. पठ्ठ्यानं लॅमिनेशन करून आणली होती!

खिडकीवर शैलेंद्र नावाचा बाबू. त्यानं बिल्टी उलटवली. मागं माल घेणाऱ्याची सही लागते, वर ठप्पा लागतो, मंग तो कागद यांच्याकडे जमा, तेव्हा कुठं माल सुटतो. पेन घसरला. ठप्पा बोटानं पुसला गेला. त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं आणखी दोघांना, अन् सगळे बिल्टी हातोहात फिरवून हसून राहिले, जसं काही माल सोडायचं काम यांचं नाहीच.

काकाचं भाषण सुरू. कागद कसा जपावा हे तुम्हा लोकांना काय कळणार, जेवल्या हातानं ठप्पे मारता. अवंती त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत होती. खालची एक दाढ पार किडलेली. उपटून फेकायला पाहिजे, तिला वाटलं, अन् हे तिला फक्त दाढेबद्दलच वाटलं असं नाही.

"देखो अंकल जी," शैलेंद्र म्हणाला, "सीधा रास्ता है. लिख के दे दो कि बिल्टी गुम हो गई. माल ले जाओ."

"गुम कहाँ हुई? ये रही."

"वही तो दिक्कत है."

काका अडला. उभ्या नोकरीत आपल्या हातून कागद हरवला नाही, अन् आता खोटं लिहून देऊ? अवंतीनं विनवलं, उद्या लोक येतील, त्यांचे दात काय उभ्यानं पाहू? तर म्हणे, प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्घाटन पुढं ढकल.

"अच्छा," अवंती म्हणाली.

पोत्यांनी भरलेला एक ट्रक फाटकातून हळूहळू बाहेर पडून राहिला होता. हिनं बिल्टी उचलली, अंगणात गेली अन् दिली भिरकावून वर पोत्यांवर. ट्रक वळला, कटनीच्या रस्त्याला लागला.

"हरवली, काका. लिहा आता."

आता कोणी हसलं नाही. शैलेंद्रनं कोरा कागद सरकवला. काकानं चष्मा लावला, समास सोडला, अन् वळणदार अक्षरात, बाबूला कळावं म्हणून हिंदीत लिहिलं: 'उक्त बिल्टी मेरे पास सुरक्षित थी, किंतु मेरी भतीजी की लापरवाही से गुम हुई.'

अवंतीनं वाचलं.

"खाली सही करा," म्हणाली, अन् हमालांना आवाज द्यायला गेली.