शंभरपर्यंत

फोन आला तेव्हा तो जेवत होता. पलीकडून धाकटी बोलत होती, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ जाऊन सात महिने झाले होते.

"दादा, तळघराची भिंत गळतेय. यांनी भेग भरली होती ना, त्याच जागी." थोडं थांबून ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला नाही बोलवायचं मला. परका माणूस येऊन यांच्या कामाला नावं ठेवेल, ते ऐकवणार नाही."

"उद्या येतो," तो म्हणाला आणि अर्ध्या ताटावरून उठला. भावाच्या आठवणीनं घास उतरेना, हे तर झालंच. पण खोटं कशाला सांगायचं, त्या दुःखाच्या तळाशी त्याला थोडं बरंही वाटलं होतं. सात वर्षांपूर्वी आपण जे बोललो ते बरोबर होतं, असं त्याच्या मनात आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर भाऊ गेला होता, तरी याचा पीळ शाबूत होता.

दोघं भाऊ वीस वर्षं एकच काम करत होते, घरांच्या पायाच्या भिंतींना पडलेल्या भेगा बुजवायचं. भेग छिन्नीनं साफ करायची, तिच्यावर खालपासून वरपर्यंत वीतभर अंतरानं छोट्या नळ्या बसवायच्या, आणि सगळ्यात खालच्या नळीतून हातपंपानं आत जाऊन घट्ट होणारं केमिकल ढकलायचं. ते चढत चढत वरच्या नळीतून डोकावलं की नवशिक्याला वाटतं, झालं. तिथेच तो फसतो. भिंतीच्या पुढच्या अंगाला केमिकल दिसतं तेव्हा मागचं अंग अजून पोकळ असतं. म्हणून पंप दाबून धरायचा, शंभर मोजायचे, मगच नळीला बूच मारायचं.

थोरला पंप धरायचा. धाकटा बूच घेऊन उभा राहायचा आणि मोजायचा. त्याला दम कमी. शिवाय लहानपणापासून आकडे त्याच्या हातून सांडायचे, सत्तेचाळीसनंतर एकदम बावन्न. सत्तर आले की ठरलेलं वाक्य यायचं, "झालं, दादा." आणि थोरल्याचं ठरलेलं उत्तर, "अजून नाही." वीस वर्षांत हजारो वेळा हे झालं असेल. त्यात राग नव्हता. गाडीवानानं बैलाशी बोलावं तसं ते बोलणं होतं, फक्त बैल कोण यावर दोघांचं एकमत नव्हतं.

मग एका मोठ्या घराच्या तळघरात, मालक आणि मालकीणबाई शेजारी उभे असताना, थोरला गमतीनं म्हणाला, "आमच्या या चिरंजीवांना अजून शंभरपर्यंत मोजता येत नाही." मालकीणबाई खूप हसल्या. धाकट्यानं बूच खाली ठेवलं, हात पुसले आणि पायऱ्या चढून गेला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं वेगळं काम धरलं. गंमत करताना थोरल्याच्या जिभेला हाड नसायचं, आणि माफी मागायची वेळ आली की तीच जीभ टाळूला चिकटायची.

दोन वर्षांनी धाकट्याचा फोन आला होता. "दादा, माझ्याच घराची भिंत गळतेय. ये की. पंप धरायला माणूस हवाय."

थोरला तेव्हा नुसता बसून होता. हातात काही काम नव्हतं. तरी तो म्हणाला, "शंभरपर्यंत यायला लागलं की बोलव."

पलीकडून फोन बंद झाला.

पुढे धाकटा आजारी पडला तेव्हा थोरला रोज दवाखान्यात जायचा. बोलणं गोळ्यांचं, पंख्याच्या आवाजाचं, शेजारच्या घोरणाऱ्या पेशंटचं. काठी मारल्यानं पाणी तुटत नाही, असं नातेवाईक म्हणाले, आणि थोरल्यानंही मान हलवली. त्या फोनचा विषय मात्र दोघांनी काढला नाही. उद्या काढू, उद्या काढू म्हणत थोरला जात राहिला, आणि एका सकाळी पलंग रिकामा होता.

तळघरात उतरताना ओलसर वास आला. बाहेर तीन दिवस पाऊस होता. भिंतीवर धाकट्यानं दिलेला फिकट पिवळा रंग होता. भरलेली भेग त्याखाली उंचवट्यासारखी दिसत होती आणि तिच्या पायथ्याशी पाण्याचं थारोळं होतं. उजव्या कोपऱ्यात लोखंडी मांडणी, तिच्यावर रंगाचे डबे.

"यांनी दिवसभर खपून केलं होतं," धाकटी पायरीवर बसत म्हणाली. "इतक्या लवकर कसं गळालं?"

"घाई केली असेल. त्याला धीर नव्हता."

तिचं तोंड उतरलं. ती चहा ठेवायला वर गेली.

आता या धंद्याचा पहिला नियम असा, की छिन्नी उचलण्याआधी भिंत पुसून कोरडी करायची आणि तासभर नुसतं बघत बसायचं. पाणी दिसतं एकीकडे आणि येतं दुसरीकडून. हा नियम थोरल्यानं अर्ध्या गावाला शिकवला होता. त्या दिवशी त्यानं तो पाळला नाही. बघायचं काय त्यात? त्याला कारण सात वर्षांपासून ठाऊक होतं. त्यानं छिन्नी लावली आणि हातोडा घातला.

पहिली नळी निघेना. त्यानं जोर केला. वीतभर खोल गेल्यावर केमिकलचं ढेकूळ हाती आलं, घट्ट, कुठेही पोकळी नाही. असेल एखादी बरी, म्हणून त्यानं दुसरी फोडली. तीही काठोकाठ भरलेली. छिन्नीच्या दणक्यानं आजूबाजूचा रंग पोपडे धरून सुटला होता. त्यानं तारेचा ब्रश फिरवला, आणि त्याचा हात थांबला.

नळीशेजारी सिमेंटवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. उभ्या, बारीक, एकमेकींना चिकटून. त्यानं मोजल्या. दहा. वरच्या नळीजवळचा रंग त्यानं नखानं खरवडला. तिथेही दहा. त्याच्याही वर दहा.

हे त्यानंच शिकवलं होतं. धाकटा सहा-सात वर्षांचा असताना गणितात रोज मार खायचा, तेव्हा थोरल्यानं त्याला ओसरीवर बसवून सांगितलं होतं, "दहा झाले की एक रेघ ओढ. दहा रेघा झाल्या की शंभर. मग आकडे सांडले तरी रेघ कुठे जात नाही." एका हातानं पंप दाबून, दुसऱ्या हातात पेन्सिल धरून, तो एकटा माणूस इथे उभा राहून शंभर मोजत होता. प्रत्येक नळीला. सगळ्यात वरच्या नळीपाशी अकरा रेघा होत्या, एक जास्तीची.

थोरला तिथेच ओल्या फरशीवर बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही. बराच वेळ गेल्यावर त्यानं फडकं घेतलं, भिंत पुसली आणि जे आधी करायचं ते आता केलं. नुसता बघत बसला. पाणी मांडणीच्या मागून येत होतं. तिथे एक नवी, केसासारखी भेग होती. ती कोपऱ्यात झिरपत होती, आणि भिंत आणि फरशीच्या सांध्यातून ओघळत पाणी जुन्या भेगेपाशी साचत होतं. धाकट्याच्या कामातून एक थेंबही आला नव्हता.

धाकटी चहा घेऊन आली.

"गळती त्यानं भरलेल्या भेगेतून नाही," तो म्हणाला. "नवी भेग आहे, मांडणीमागे."

तिनं फोडलेल्या दोन नळ्यांकडे पाहिलं. "मग ही का फोडलीत?"

"मला वाटलं, त्याचं चुकलं असेल."

तिनं कप पायरीवर ठेवला. "तेव्हा तुम्हाला फोन केला होता यांनी. मी विचारलं, दादा येतायत का? तर म्हणाले, दादा कामात आहे. मी करतो एकटा. जेवण गार झालं, मी दोनदा हाका मारल्या, तरी वर आले नाहीत."

कामात आहे. थोरल्यानं मान खाली घातली. भावानं बायकोसमोर त्याची लाज राखली होती. हे असंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, तिला कधी कळलं नसतं.

"मी कामात नव्हतो," तो म्हणाला. "रिकामा बसलो होतो. शंभरपर्यंत मोजता यायला लागलं की बोलव, असं म्हणालो त्याला." आणि त्यानं बोटानं रेघा दाखवल्या.

ती जवळ आली. वाकून एकेक रेघ बघत वरपर्यंत गेली, आणि शेवटी तळहात भिंतीवर ठेवून तशीच उभी राहिली. त्याला वाटलं, आता ही आपल्याला निघून जायला सांगेल. सांगितलं असतं तर तो गेला असता.

"आता काय करायचं?" तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं.

"मी फोडलेलं आधी भरायचं. मग नवी. बूच धरायला माणूस लागेल."

"मी धरते. पण या रेघांवर रंग द्यायचा नाही."

"नाही देणार."

नळ्या परत बसवून, त्यांच्याभोवतीचा लेप वाळेपर्यंत चहा गार झाला होता. त्यानं पंप हातात घेतला. ती बूच घेऊन उभी राहिली. वरच्या नळीतून केमिकल डोकावलं तशी ती मोजू लागली, सावकाश, एकही आकडा न सांडता. साठ. पासष्ट. एकोणसत्तर. सत्तर.

"अजून नाही," थोरला म्हणाला.

ती थांबली. "मी कुठे काय म्हटलं, दादा?"

त्यानं पंप दाबून धरला होता. बाहेर पाऊस चालू होता.

"काही नाही," तो म्हणाला. "मोज पुढे."

"एकाहत्तर," ती म्हणाली.