घेऊ नका म्हटलेला अंक

दर रविवारी सकाळी विधी कांकरिया जळगावच्या आपल्या घराच्या गच्चीवर बसायची आणि कॉमिक्सच्या बातम्या लिहून फोनवरून धाडून द्यायची. घरात सगळ्यांचं बोलणं साड्यांचं. वडिलांचं आणि काकांचं मार्केटात दुकान. हिचं बोलणं मात्र चित्रकथांचं. कुठल्या जुन्या मासिकातल्या चित्रकथा पुन्हा बांधून निघताहेत, नाशिकच्या कोण्या दोघी बहिणींनी शब्दावाचून अख्खी गोष्ट काढली, कुणी स्वतःच छापलेला अंक पोस्टानं पाठवतंय. प्रत्येक अंकाखाली शेवटी एकच ओळ असायची: घ्या, नाहीतर घेऊ नका. मधलं काही नाही. तिचे वाचणारे धरणगावपासून पुण्यापर्यंत होते आणि त्या एका ओळीवर विसंबून अंक मागवायचे. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं, एवढी एक पत होती.

करमसिंग पावरा हे नाव त्या बातम्यांत दोनदा आलं होतं. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचा तरणा माणूस. धुळ्यात देवपुरात एका दुकानात वाढदिवसांचे आणि लग्नांचे फलक बनवायचा, आणि उरल्या वेळात ‘मुक्कामाची गाडी’ नावाचं कॉमिक काढायचा. डोंगराखालच्या शेवटच्या गावात संध्याकाळी येऊन वस्तीला थांबणारी एसटी, तिचा ड्रायव्हर, कंडक्टर आणि गाडीभोवती जमणारं गाव, एवढीच गोष्ट. पहिल्या अंकावर विधीनं लिहिलं, ‘बसच्या टपावर चांदणं असं सांडलंय की पान धरताना हात ओला होईलसा वाटतो. घ्या.’ दुसऱ्यावर लिहिलं, ‘गाडी नाल्यात अडकते तिथवर गोष्ट श्वास घेते, पुढे नुसती पळत सुटते. शेवटची पानं उरकलेली आहेत. घेऊ नका.’

मग भादव्यात संवत्सरी आली. पर्युषणाचा तो शेवटचा दिवस. कांकरियांच्या घरात लहानथोर एकमेकांपुढे हात जोडतात, वर्षाचं किल्मिष धुऊन टाकतात. जे समोर नाहीत त्यांना हल्ली फोनवर निरोप जातो. विधीनंही फोनमधल्या एकूण एक नावाला धाडला: ‘वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं आपल्याला दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागते. मिच्छामि दुक्कडं.’ आणि पारण्याच्या गडबडीत विसरूनही गेली.

आठवड्याच्या आत तिला एका वाचकानं फोटो पाठवला. देवपुरात एका कॉलेजात पुस्तकांचा मेळा भरलाय, टेबलावर ‘मुक्कामाची गाडी’चा दुसरा अंक मांडलाय, आणि प्रत्येक प्रतीवर पिवळी पट्टी: ‘घेऊ नका म्हणणाऱ्या ताईंनी हात जोडून माफी मागितली. आता घ्या.’ खाली वाचकानं विचारलं होतं, ‘ताई, नक्की काय समजायचं? मागचं तुमचं खरं की हे?’ दुपारपर्यंत आणखी दोघांनी तेच विचारलं.

“लिहून टाक ना,” चुलतभाऊ मनन म्हणाला. “निरोप सगळ्यांना होता म्हणावं. दूधवाल्यालाही गेला होता. तो कुठे सांगत फिरतोय, ताईंना माझं दूध आवडलं म्हणून.”

विधी लिहायला बसलीही. दादी, झमकूबाई, शेजारी मेथी निवडत होत्या.

“मागितलेली क्षमा माघारी घेतेस का, छोरी?”

“माघारी नाही हो दादी. फक्त सांगते की ती त्या अंकासाठी नव्हती.”

“म्हणजे त्याच्यासाठीच नव्हती, असं चारचौघांत सांगणार.” दादींनी काडी बाजूला टाकली. “तू फोनला हात जोडलेस, माणसाला कुठे जोडलेस? जा, जोडून ये. मग काय लिहायचं ते लिही.”

दुसऱ्या दिवशी विधी धुळ्याच्या गाडीत बसली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुलावर आलेली. काय बोलायचं ते ती मनात जुळवत राहिली आणि पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरेतो त्यातलं एक वाक्य धड उरलं नाही.

मेळ्यातल्या टेबलामागून करमसिंगनं तिला फोटोवरून ओळखलं. स्वतःची खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

“या ताई. तुम्ही स्वतः याल असं वाटलं नव्हतं. आमच्या गावात भांडण मिटवायचं तर माणूस दारी येतो. तुमची माफी फोनवर आली. म्हटलं, शहराचं माणूस, चालायचंच.”

“करमसिंगभाऊ, तो निरोप एकट्या तुम्हाला नव्हता. आमच्यात त्या दिवशी सगळ्यांनाच जातो.”

“बठ्ठासले?”

“फोनमध्ये होते त्या सगळ्यांना.”

त्यानं टेबलावरचे अंक उगाच सरळ केले. “म्हणजे माझं नाव मनात धरून नव्हती मागितली.”

“नव्हती,” विधी म्हणाली. खोटं बोलणं सोपं होतं, पण ती त्यासाठी आली नव्हती. “तुम्हाला फार लागलं का?”

“पहिला अंक माझ्या वडिलांनी, आबांनी, गावात ओट्यावर बसून बठ्ठा वाचून दाखवला. दुसरा नेला तर कुणीतरी आधीच तुमचं लिहिलेलं फोनवर दाखवलेलं. आबांनी उघडलाच नाही. म्हणाले, ठेव तिकडे, बघू.”

विधीनं चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडले. मेळ्यातली माणसं येत-जात होती, तिला लाज वाटली, तरी जोडलेच. “याची क्षमा मागते. तुमची आणि आबांची. आता नाव घेऊन मागते.”

“झालं मग.” तो मोकळा हसला. “आमच्याकडे माफी मागितली की भांडण संपलं. आता अंकाचंही संपलं.”

“अंकाचं नाही संपत, भाऊ. शेवटची पानं अजून पळतातच.”

करमसिंग हळूच म्हणाला, “माले ठाऊक शे. उन्हाळ्यात दुकानात लग्नांच्या फलकांची रांग लागलेली. जसा वेळ गावला तसा उरकला.”

“मग पट्टी कशाला लावलीत?”

“खरंच वाटलं होतं तुम्हाला पटलं म्हणून. आता काढतो.”

त्यानं एका प्रतीवरची पट्टी नखानं सोडवली. पट्टी निघाली, पण कव्हरवरच्या ड्रायव्हरची अर्धी मिशी घेऊन निघाली. दोघंही त्या उघड्या ओठाकडे बघत राहिले आणि आधी विधीला हसू आलं, मग त्यालाही.

“पेन द्या,” ती म्हणाली. दुसऱ्या प्रतीवर पट्टीखाली तिनं लिहिलं, ‘माफी माणसाची मागितली आहे. अंकाबद्दलचं म्हणणं तेच. विधी.’

“माझ्याच टेबलावर, माझाच चहा पिऊन?”

“नको म्हणालात तर नाही लिहीत. पण मग रविवारी लिहावं लागेल, आणि ते सगळ्यांना जाईल.”

करमसिंगनं मेळ्याकडे नजर टाकली. “इथंच लिहा. इथं गर्दी कमी आहे.”

ती लिहीत बसली, तो प्रती पुढे सरकवत गेला. कॉलेजची एक मुलगी आली, पिवळी पट्टी वाचली, खालचं पेनानं लिहिलेलं वाचलं.

“मग घेऊ की नको?”

“घ्या,” करमसिंग म्हणाला.

“पहिला घे,” विधी म्हणाली.

मुलीनं पहिला काखेत धरला. दुसरा उभ्या उभ्या शेवटपर्यंत चाळला. “शेवट उरकलाय खरा,” म्हणाली, आणि तोही घेतला. “आमच्या गावालाही मुक्कामी गाडी येते.”

ती गेल्यावर करमसिंगनं टेबलाखालून एक फाइल काढली. पेन्सिलीनं काढलेली पानं दोरीनं बांधलेली. “तिसरा अंक. छापायच्या आधी एकदा नजर घाला ना. म्हणजे पुन्हा तसं नको व्हायला.”

विधीचा हात पुढे गेला. वरच्या पानाचा कोपरा दिसत होता, बसची शिडी आणि तिच्यावर चढणारं कुणाचं तरी अनवाणी पाऊल. तिला फार बघावंसं वाटलं. मग तिनं हात मागे घेतला.

“बघितलं तर सांगितल्यावाचून राहवणार नाही. सांगितलं तर तुम्ही बदलाल. मग तो अंक थोडा माझाही होईल, आणि स्वतःच्या अंकाला मी ‘घ्या’ कशी म्हणू?”

त्यानं दोरीची गाठ पुन्हा आवळली.

“मग नका बघू. छापल्यावर लिहा, जे असेल ते लिहा. फक्त वाईट लिहायचं असेल तर आधी आबांना फोन करून सांगा. बाकी बठ्ठासले नंतर.”

विधीनं फोन उघडला. “नंबर सांगा,” ती म्हणाली.