डावा स्पीकर चुलीपाशी

खर्डीच्या घरात म्युझिक सिस्टीम आली ती २००२ साली, आणि तिच्या पाठोपाठ भांडणही आलं. ज्ञानेश्वरने ती हौसेने शहापुरातून आणली होती. दोन्ही स्पीकर ओटीवर, सारख्या अंतरावर, आणि ऐकणारा मधोमध, असं सोबतच्या कागदावर चित्रच होतं. त्याचा बाप महिपत मात्र हटून बसला होता. एक खोका चुलीपाशी न्यायचा म्हणजे न्यायचा.

"बाबा, येवढी लांब वायर टाकून काय फायदा? अर्धा गाना आत, अर्धा भायेर!"

"असू दे."

म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, असं सून नम्रताला वाटलं. पण महिपतचं डोकं चांगलं ठिकाणावर होतं. त्याची बायको काशी जाऊन पाच वर्षं झाली होती. पंचक्रोशीतल्या लग्नांत धवले गायचा मान तिचाच. लेकीच्या, रुपाच्या हळदीला मात्र तिला स्वयंपाक सोडवेना, म्हणून ती आतूनच गायली. ज्ञानेश्वरने उसन्या आणलेल्या टेपवर ते भरून घेतलं होतं. एक माइक चुलीपाशी तिच्यापुढे, दुसरा ओटीवर, तिच्यामागे ओळ धरणाऱ्या बायांपुढे. घरातल्या जुन्या, एकाच स्पीकरच्या टेपवर सगळ्या एकातच ऐकू यायच्या. काल नव्यावर कॅसेट लावली तेव्हा महिपतला कळलं, डाव्या खोक्यात काशी एकटीच आहे. ती अशी ओटीवर पाहुणीसारखी बसलेली त्याला बघवेना.

"तुजी आय कवा ओटीवर बसून गायली रे? तिचा आवाज जिथनं यायचा तिथनंच येऊ दे. मना परत तसाच ऐकायचाय."

ज्ञानेश्वरने तीस फूट वायर आणली, भिंतीला भोक पाडलं, लालला लाल, काळीला काळी जोडली आणि कॅसेट लावली.

आतून काशीने धवला उचलला. ओटीवर बायांनी तो झेलला. सासूला कधी न पाहिलेली नम्रता चुलीपाशी हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. महिपत डोळे पुसत होता आणि ते लपवतही नव्हता.

धवला संपला. टेपमध्ये भांडी वाजली, आणि आतून काशीने विचारलं, "ज्ञाना, जेवला का रे?"

"जेवलो गो आये," हातातल्या टेस्टरसकट ज्ञानेश्वर स्वयंपाकघराकडे तोंड करून बोलून गेला.

खरं तर सकाळपासून वायरींच्या नादात तो उपाशीच होता. नम्रताने ताट वाढायला घेतलं.